बापाची क्रियापदं

काही पुस्तकं अनुक्रमणिकेपासूनच वाचायला घ्यावीत. अमेरिकन लेखक हॅम्लिन गार्लंडचं 'अ सन ऑफ द मिडल बॉर्डर' हे त्यांतलं एक. १९१७ साली न्यूयॉर्कला मॅकमिलननं ते छापलं. त्यातल्या प्रकरणांची नावं एकाखाली एक वाचत गेलं की एका कुटुंबाची जवळजवळ तीस वर्षं डोळ्यांपुढून सरकतात. बाबा शेत विकतात. खोऱ्यातली शेवटची मळणी होते. बिऱ्हाड पुन्हा हलतं. मंडळी गावात राहायला जातात, मग परत शेतावर येतात. पुढे डाकोटाचा मुलुख लागतो. या सगळ्या हलवाहलवीत मध्येच एका प्रकरणाचं नाव येतं, 'हॅरिएट जाते'. आसपासच्या प्रकरणांत सगळे कुठे ना कुठे जातच असतात, म्हणून आपण बेसावध राहतो. प्रकरण उघडल्यावर कळतं की थोरली बहीण या जगातूनच गेली. घर सोडण्यासाठी जे क्रियापद, तेच मरणासाठी. गार्लंडनं हे ठरवून केलं असेल किंवा नसेल. ज्या घरात 'जाणं' हा रोजचाच शब्द होता, त्या घराच्या भाषेनंच ते घडवलं असावं, असं मला वाटतं.

पुस्तक मुलाचं आत्मचरित्र असलं तरी त्याचा खरा नायक बाप आहे. रिचर्ड गार्लंड, घरातल्यांचा आणि शेजाऱ्यांचा डिक. जन्म मेन राज्यातला. तरुणपणी काही काळ त्यानं बॉस्टनमध्ये नोकरी केली, मग तो पश्चिमेला विस्कॉन्सिनच्या पाइन जंगलांत आला. हिवाळ्यात लाकूडतोड्यांच्या तळावर काम करायचं आणि पाणी वाढलं की विस्कॉन्सिन नदीतून लाकडाचे तराफे खाली न्यायचे, हा त्याचा धंदा. तराफ्यावर तो वाटाड्या होता.

हे काम कसं चालायचं ते ठाऊक असेल, तर बापाच्या तोंडच्या गोष्टी जास्त चवीनं वाचता येतात. उंच पांढरा पाइन हिवाळ्यात तोडायचे, कारण गोठलेल्या वाटांवरून ओंडके ओढून नदीकाठी आणणं सोपं पडे. बर्फ वितळला की ओंडके पाण्यावर सोडून सॉ मिलपर्यंत न्यायचे. आजचं वॉसॉ शहर तेव्हा बिग बुल फॉल्स म्हणून ओळखलं जाई. अशा धबधब्यांच्या जागी पाण्याच्या जोरावर करवती चालत आणि गिरण्यांभोवती गावं वसत. कापलेल्या फळ्यांचे थर बांधून तराफे करायचे आणि खळाळांतून, डेल्सच्या अरुंद कातळखिंडीतून वाट काढत मिसिसिपीला लागायचं. तिथून काही तराफे पार सेंट लुईसपर्यंत जात. वाटाड्याची नजर एकदा चुकली तर माल आणि माणसं दोन्ही पाण्यात. हिवाळ्याच्या रात्री शेगडीजवळ बसून बाप मुलांना हे सांगतो तेव्हा आवाज एका मोकळ्या, जवान माणसाचा असतो. एरवी घरात तो अमेरिकन यादवी युद्धाच्या लढाईवरून परतलेला शिपाई असतो. त्याचं बोलणं म्हणजे हुकूम, आणि हुकूम एकदाच दिला जातो. गार्लंडनं हे दोन्ही आवाज वेगळे राखलेत. बापाचा धाक आणि बापाचं वेड त्याला एकाच वेळी आठवतं, त्यातल्या एकासाठी तो दुसरं पुसत नाही.

याच माणसाची एक ओढ या कुटुंबाचा सारा इतिहास घडवते. ज्याची तरुणाई झाडांवर पोसली, त्याला जमीन हवी असते ती बिनझाडाची. बुंधे उपटायला नकोत, टेकडी आडवी यायला नको. नांगर घातला की थेट क्षितिजापर्यंत सरळ तास. ला क्रॉसजवळचं ग्रीन्स कूलीतलं शेत (कूली म्हणजे टेकड्यांच्या कुशीतलं चिंचोळं खोरं, शब्द फ्रेंचांकडून आलेला) त्याला अडचणीचं वाटतं. तो आयोवात जातो, आधी विनेशीक परगण्यात, नंतर ओसेजजवळच्या उघड्या माळावर. तिथे दहा वर्षांचा हॅम्लिन पहिल्याच शरदात नांगरामागे चालत सत्तर एकर जमीन उलथतो. त्या मुलाचे दुखणारे पाय, गार वारा, तासाच्या टोकाला वळताना मिळणारा क्षणभर विसावा, हे वर्णन मला अमेरिकन शेतीच्या गौरवगाथांहून कितीतरी खरं वाटतं. पुढे गव्हावर चिंच-बग नावाची कीड पडते. बापाच्या लेखी तिचा अर्थ एकच, आणखी पश्चिमेला चला. १८८१ मध्ये कुटुंब डाकोटात ऑर्डवेला पोचतं.

डाकोटाच्या प्रकरणांतली एक वस्तू माझ्या मनातून जात नाही. तिचं नाव 'स्ट्रॅडल-बग'. मोकळ्या जमिनीवर हक्क सांगायचा तर तीन फळ्या तिपाईसारख्या एकमेकींना टेकवून, खिळे ठोकून उभ्या करायच्या. घर बांधलं जाईपर्यंत मालकीची एवढीच खूण. मैलोन् मैल एकही झाड नसलेल्या त्या गवतावर या तिपाया उभ्या असतात. मला त्या पाहिल्या की बापाची तरुणाई आठवते. ज्या माळावर झाड उगवत नव्हतं, तिथली प्रत्येक फळी दूरच्या कुठल्या तरी रानातून आलेली. बापानं जंगल मागे टाकलं, पण ते फळ्या होऊन त्याच्या आधी तिथे येऊन उभं होतं. गार्लंड असं काही सुचवत नाही, हे माझं वाचन. पण चांगल्या पुस्तकात वस्तू एकमेकींशी बोलतात त्या अशाच.

आईकडे मात्र क्रियापदं नाहीत. इझाबेल मॅक्लिंटॉक गाणाऱ्या घरातली. तिचे भाऊ धिप्पाड, दिवसभर मळणी करून रात्री गाणारे. त्यांतला डेव्हिड व्हायोलिन वाजवतो, आणि मळणीयंत्रावर राबणारे तेच हात तारांवर इतके हळवे कसे होतात, याचं नवल मुलाला जन्मभर पुरतं. बापाचं एक आवडतं गाणं आहे, पश्चिमेकडे कूच करणाऱ्यांचं. नवा मुलुख त्याच्या मनात शिरला की तो सगळ्यांना ते म्हणायला लावतो. आईही म्हणते, सुरात म्हणते; पण तिचा आवाज कापतो. तो कापरेपणा लहान मुलाला ऐकू येतो आणि मोठेपणी समजतो. पुस्तकातली सारी करुणा या दोन वेळांमधल्या अंतरात आहे. आई जायला कधी नकार देत नाही. प्रत्येक वेळी भावांपासून थोडी आणखी लांब जाते, एवढंच.

आता या पुस्तकातला माझा सर्वांत आवडता भाग, म्हणजे त्याची सुरुवात. वर्ष १८६४. बाप लढाईवर आहे, आई तीन लहान मुलांना घेऊन कूलीत एकटी. बाप परत येतो तेव्हा घर रिकामं असतं, कारण मंडळी विधवा शेजारणीकडे गेलेली. ती लगबगीनं परततात, आणि समोरचा माणूस आपला बाप आहे हे मुलाला ओळखताच येत नाही.

हाच प्रसंग गार्लंडनं सव्वीस वर्षं आधी, १८९१ च्या 'मेन-ट्रॅव्हल्ड रोड्स' या संग्रहातल्या 'द रिटर्न ऑफ अ प्रायव्हेट' या कथेत लिहिला होता. कथेत शिपाई रात्री ला क्रॉसच्या स्टेशनवर उतरतो. हॉटेलला द्यायला पैसे नाहीत म्हणून सोबत्यांबरोबर स्टेशनातच झोपतो. त्याच्यासाठी ना वाजंत्री, ना गर्दी. घरी धाकटा मुलगा जवळ येईना, तेव्हा तो पाठपिशवीतून तीन लाल सफरचंदं काढतो. दोन थोरल्यांना देतो आणि तिसरं हातात धरून वाट पाहतो. पोर हळूहळू सरकत येतं.

दोन्ही शेजारी ठेवून वाचावं. कथेत गार्लंड शिपायाच्या बाजूनं उभा आहे. त्याला संताप आहे की देशासाठी लढलेल्या माणसाच्या वाट्याला गहाण पडलेलं शेत आणि ताप यावा. आत्मचरित्रात तो मुलाच्या उंचीवर उतरतो. तिथे बाप अनोळखी दाढीवाला आहे आणि भीती खरी आहे. तिशीतल्या लेखकाला बापावरचा अन्याय दिसत होता; पन्नाशी उलटल्यावर त्याला बापाचं परकेपणही लिहिता आलं. मला दुसरं जास्त अवघड वाटतं. याच बापाच्या लाकूडतोडीच्या आणि लढाईच्या दिवसांकडे तो १९२६ मध्ये 'ट्रेल-मेकर्स ऑफ द मिडल बॉर्डर' या कादंबरीत पुन्हा वळला. त्या गोष्टी त्यानं शेगडीजवळ बसून ऐकलेल्या होत्या, आणि त्या त्याला सोडत नव्हत्या.

पुस्तक सगळीकडे सारखं नाही. १८८४ मध्ये डाकोटातली आपली जमीन सोडून हॅम्लिन बॉस्टनला जातो आणि तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात वाचत बसतो. ती उपासमारीची, वाचनाची पानं चांगली आहेत. पण नंतरची नामवंतांच्या भेटींची आणि व्याख्यानांची पानं मी भराभर उलटतो. १८८७ मध्ये तो घरी परततो आणि थकलेल्या आईला पाहतो, तिथे लेखणीत पुन्हा रक्त येतं. पुढे आईला अर्धांगाचा झटका येतो. माळावरच्या त्या उघड्या घरात, एकाही झाडाच्या सावलीविना, ती पडून असते. इथे मुलगा बापाच्या स्वप्नाला पहिल्यांदा उघड विरोध करतो. तरी बापाला तो खलनायक करत नाही. हा संयम मला या पुस्तकाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. पुढचा भाग 'अ डॉटर ऑफ द मिडल बॉर्डर', त्याला १९२२ चं चरित्राचं पुलित्झर मिळालं. पण माझ्या मते उंची गाठली ती याच पुस्तकानं.

शेवटी मुलगा वेस्ट सेलमला, आईच्या माहेरच्या टापूत, घर विकत घेतो आणि आईबापांना तिथे आणतो. १८९३ सालच्या थँक्सगिव्हिंगला मंडळी त्या घरात एका टेबलाशी जेवायला बसतात. अंगणात झाडं आहेत, पलीकडे ओळखीच्या टेकड्या. जन्मभर पश्चिमेला चालत गेलेला माणूस पहिल्यांदाच पूर्वेला परतलेला आहे. त्याला हे सहज पचत नाही. डाकोटातलं शेत त्यानं विकलेलं नाही, तिथल्या गव्हाची काळजी त्याच्या बोलण्यात आहे. आई मात्र टेबलाशी आपल्या जागेवर बसते आणि समोर कुणी गाडी जुंपत नाही.