झाड उलटं करून दाखवा!

पूर्वी मुलगी पाहायला गेलं की तिला सुईत दोरा ओवायला लावीत. प्रोग्रामरची मुलाखत अजून तशीच चालते. मॅक्स हॉवेल या गृहस्थाने ‘होमब्रू’ लिहिलं. मॅकवरच्या असंख्य प्रोग्रामरांचं त्यावाचून पान हलत नाही. पण गूगलने त्याला फळ्यावर ‘बायनरी ट्री’ उलटं करायला सांगितलं, म्हणजे झाडाच्या प्रत्येक फाट्यावर डावं-उजवं बदलायचं. जमलं नाही, नोकरी गेली. त्यानेच २०१५ साली हे सांगितलं.

आता, कामावर पुस्तक उघडता येतं, शेजाऱ्याला विचारता येतं, चूक यंत्रच दाखवतं. फळ्यापुढे हातात नुसता खडू (बरं, मार्कर म्हणा!) आणि पाठीशी परीक्षक. अहो, बँकेतला कारकून रोखून पाहायला लागला की मला माझी स्वतःची सही जमत नाही!