पाणी 'पर्यंत' आलं की 'नं' वाढलं? – आपल्या सूचनांची मराठी

 

आजचा विषय भाषेचा आहे, पण व्याकरणाचा तास घ्यायला मी आलेलो नाही. ऱ्हस्व-दीर्घावर बोलणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते शुद्धलेखनात एकही चूक नसलेल्या, तरीही माणसाला फसवणाऱ्या वाक्यांबद्दल.

सुरुवात साताऱ्यापासून करू. तिथं जवळच कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुली आहे. रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. रामशास्त्री म्हटलं की आपल्याला नारायणराव पेशव्यांचा खून आठवतो, ३० ऑगस्ट १७७३ चा. आणि त्याबरोबर येतो 'ध चा मा'. 'धरावे' या शब्दातला ध खोडून मा केला, 'मारावे' झालं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. कथा कितपत खरी ते इतिहासकार बघतील. पण आपल्या भाषेत संपादनावरचा सगळ्यात प्रसिद्ध वाक्प्रचार कुठला, तर हाच.

माझी तक्रार अशी आहे की या वाक्प्रचारानं आपलं लक्ष भलतीकडं नेलं. कागद बिघडतो तो कुणीतरी मुद्दाम अक्षर बदलल्यामुळं, असं आपल्याला वाटायला लागलं. रोजच्या लिखाणात असं फार थोडं घडतं. तिथं अक्षर कुणीच बदललेलं नसतं. 'धरावे' असंच लिहिलेलं असतं. फक्त कुणी धरावे, कुणाला धरावे, कधी धरावे, हे लिहायचं राहिलेलं असतं.

आता सांगलीत येऊ. इथं बसलेल्यांना २०१९ चा ऑगस्ट सांगायची गरज नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथं इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. त्या दिवसांत आपण सगळेच दिवसाला शंभर सूचना वाचत होतो. मीही वाचत होतो, आणि कबूल करतो, पुढं ढकलतही होतो. एक संदेश मी मावशीला पाठवला. त्यात लिहिलं होतं, 'उद्या सकाळी पाणी वाढणार'. मावशीचा फोन आला, "अरे, कुठला उद्या?" मी वर-खाली बघितलं. तारीख नव्हती. तो 'उद्या' दोन दिवसांपूर्वीचा होता. चूक माझी होती, पण ती चूक करायची सोय त्या वाक्यानंच करून ठेवली होती.

आपण एक नमुना घेऊ. हा मी स्वतः बनवलेला आहे, कुठल्याही कार्यालयाचा नाही. पण ऐकल्यावर ओळखीचा वाटेल:

'पाणलोट क्षेत्रातील पर्जन्यमान विचारात घेता उद्या सकाळी धरणाच्या विसर्गात २०,००० क्युसेकपर्यंत वाढ करण्यात येण्याची शक्यता असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे व आवश्यकतेनुसार सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.'

व्याकरणाच्या मास्तरांनी याला दहापैकी दहा द्यावेत. आता आपण तपासू.

'उद्या'चं सांगितलंच. कागदावरचा 'उद्या' कागद लिहिला त्या दिवसाला बांधलेला असतो. मोबाइलवरचा 'उद्या' वाचणाऱ्याच्या दिवसाला चिकटतो. म्हणजे तो कधी शिळाच होत नाही.

मग '२०,००० क्युसेकपर्यंत वाढ'. समजा आधी १०,००० क्युसेक सुटतंय. आता एकूण २०,००० होणार, की २०,००० ची भर पडून ३०,००० होणार? मराठीत 'नं' हा प्रत्यय आणि 'पर्यंत' हे शब्दयोगी अव्यय याच कामाला आहेत. इंग्रजीतही त्यासाठी 'बाय' आणि 'टू' असे दोन शब्द आहेत. एक गाळला किंवा 'वाढ' या नामाला नुसता चिकटवला की घोटाळा होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. आपल्या उदाहरणातला फरक १०,००० क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला २ लाख ८० हजार लिटरांहून जास्त. एवढं पाणी एका 'नं' किंवा 'पर्यंत'मध्ये बसलेलं आहे. 'दरवाजे दोन फुटांनी उचलले' आणि 'दोन फुटांपर्यंत उचलले' यांचंही तसंच. कोयनेचे सहाही वक्र दरवाजे आधीच तीन फुटांवर असतील, तर ही दोन वाक्यं एकमेकांच्या उलट आहेत. पहिल्यात पाणी वाढतं, दुसऱ्यात घटतं.

पुढं 'करण्यात येण्याची शक्यता'. कोण करणार? पाऊस, की अभियंता? निर्णय झालाय, की व्हायचाय? हा कर्ता पळवून लावणारा प्रयोग आपल्या सरकारी मराठीचा लाडका आहे. १९६४ साली राजभाषा अधिनियम आला, मराठी राज्यकारभाराची भाषा झाली, ही मोठीच गोष्ट. पण इंग्रजी मसुद्यांचं बेतीव मराठी करताना इंग्रजी कचेरीची सवयही आपण उचलली. सही आहे, शिक्का आहे, पण वाक्याला माणूस नाही. रामशास्त्र्यांसमोर असं वाक्य आलं असतं, तर त्यांनी पहिला प्रश्न 'कुणी?' हाच विचारला असता.

आणि शेवटी 'करावे'. माझ्या मते हे सगळ्यात अवघड. आपल्या विध्यर्थात कर्तव्यही येतं, इच्छाही येते, योग्यता आणि शक्यताही येते. 'पावसानं आता थांबावं' ही इच्छा. 'मुलांनी खरं बोलावं' हे कर्तव्य. मग 'स्थलांतर करावे' हे काय? हुकूम, सल्ला, की शुभेच्छा? त्यात 'आवश्यकतेनुसार' जोडलं की आवश्यकता कुणी ठरवायची हे वाचणाऱ्यावर आलं. ज्याच्या गोठ्यात चार म्हशी आहेत, तो त्या शब्दाचा अर्थ 'अजून थांबू' असाच लावणार. त्याला दोष कसा द्यायचा?

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हे भाषण एकतर्फी होईल. धरणावरचा अधिकारी म्हणेल, "पाऊस माझ्या हातात नाही. ठाम लिहिलं आणि तसं घडलं नाही, तर तुम्हीच मला धराल." खरं आहे. पण अनिश्चित गोष्ट स्पष्ट लिहिता येते. 'पाऊस असाच राहिला तर सोडू, सहा वाजता पुन्हा कळवू' हे वाक्य अनिश्चित आहे, मोघम नाही.

मग तोच नमुना असा लिहून बघू:

'मंगळवारी, अमुक तारखेला, सकाळी ९ वाजता आम्ही धरणातून सोडायचं पाणी १०,००० वरून ३०,००० क्युसेक करणार आहोत. पाऊस कमी झाला तर सकाळी ६ वाजता बदल कळवू. आयर्विनजवळ पातळी ४० फूट होण्याआधी अमुक अमुक गल्ल्यांतल्या लोकांनी घर सोडायचं आहे. जनावरं आजच हलवा. बुधवारी सकाळी ९ नंतर ही सूचना रद्द समजा.'

शब्द थोडे जास्त झाले, पण 'कुणी, कधी, किती' याची उत्तरं मिळाली. 'फूट' हा शब्द तर सांगलीकरांनी स्वतःच घडवलेली उत्तम परिभाषा आहे. सूर्यवंशी प्लॉटमधल्या माणसाला क्युसेक सांगून उपयोग नाही. फूट सांगा, तो सामान कुठल्या फळीवर ठेवायचं ते सांगेल.

आपल्याला नेमकं लिहिता येत नाही असं नाही. चेक लिहिताना आपण रक्कम आकड्यात लिहितो, परत अक्षरी लिहितो, वर 'मात्र' लिहून पुढची जागा बंद करतो. पाचशे रुपयांसाठी एवढा बंदोबस्त! पाण्याच्या सूचनेला एक तारीखही नाही.

तुम्हाला एकच विनंती. यंदा पावसाळ्यात सूचना आली की पुढं पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा: तारीख आहे का, 'नं' आहे की 'पर्यंत', आणि कुणी हलायचं हे लिहिलंय का. नसेल तर ज्याच्याकडून आली त्याला विचारा. उत्तर मिळेपर्यंत पाठवू नका. मी मावशीला तेवढं वचन दिलंय.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. नमस्कार.