एका विशेषणाचे अपील

पेटंटचा अर्ज पूर्वज्ञानाच्या आधारे, म्हणजे ती वस्तू आधीच प्रसिद्ध आहे म्हणून, फेटाळला जातो तेव्हा वाद वस्तूविषयीचा वाटतो. पुष्कळदा तो शब्दार्थाचा असतो. अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने २००७ साली निकालात काढलेले बझार्ड प्रकरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

अर्जदारांचा दावा ज्वालारोधक द्रव्य घातलेल्या, 'लवचीक' पॉलियुरेथेन फोमच्या अभिक्रिया-मिश्रणावर होता. आधार म्हणून पुढे केलेल्या जुन्या पेटंटात ताठर फोम तयार करून तो मागाहून यंत्राने चेपून लवचीक केलेला होता. शेवटी लवचीक झाला ना, मग दाव्यात नवे काय, असा परीक्षकाचा रोख; पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने तोच उचलून धरला. तपासणीत दाव्यातील शब्दांना वाजवी असेल तितका व्यापक अर्थ द्यावा, हा मंडळाचा आधार. न्यायालयाने बहुमताने हा निर्णय फिरविला.

आपल्या शब्दशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर मंडळाने 'लवचीक फोम' हा शब्द केवळ यौगिक मानला. चिखलात जन्मते ते सारे पंकज म्हणण्यापैकीच हे झाले! रसायनव्यवसायात तो योगरूढ आहे. लवचीक व ताठर ही फोमची दोन कुळे. त्यांचा भेद मिश्रणातील पॉलिऑलच्या निवडीपासूनच सुरू होतो. पहिल्यास सामान्यतः लांब साखळीचे पॉलिऑल लागते, दुसऱ्यास आखूड साखळीचे व अधिक जोडस्थानांचे. शिवाय दावा मिश्रणावर होता. चेपण्याची क्रिया तयार फोमवर घडते.

बहुमताचा निष्कर्ष योग्य आहे. मांडणी तितकी समाधानकारक नाही. अर्थ कितीही व्यापक केला तरी ताठर ते लवचीक नव्हे, या म्हणण्याने मंडळाला उत्तर मिळत नाही. ताठराचेच पुढे लवचीक होते, एवढेच त्याचे म्हणणे होते. अर्थ 'वाजवी' कोणाच्या दृष्टीने, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर त्या विद्येतील जाणकाराच्या प्रयोगात शोधावयास हवे.

न्यायमूर्ती प्रोस्ट यांनी विरुद्ध मत नोंदविले. व्यापक अर्थाच्या नियमामागील विचार क्षुल्लक नव्हे: तपासणी चालू असता अर्जदाराला दावा दुरुस्त करता येतो, पेटंट दिल्यावर मात्र त्याच्या कक्षेचे ओझे इतरांवर पडते; म्हणून संदिग्धतेचा भार अर्जदाराने वाहावा. 'मागाहून न चेपता' एवढे शब्द दाव्यात वाढविले असते तर कदाचित हे अपील उद्भवतेही ना. परंतु जाणकाराला जेथे संदेह नाही तेथेही अशी दुरुस्ती मागावयाची, तर प्रत्येक दाव्यास एक पारिभाषिक कोश जोडावा लागेल, आणि त्या कोशातील शब्दांचा व्यापक अर्थ करावयास परीक्षक पुन्हा मोकळाच राहील.