चौदा ऑक्टोबरचं पान

मंडळी, आजचा विषय तसा रोजचाच आहे: दिनविशेष. आपण सगळे तो शाळेच्या परिपाठात ऐकत मोठे झालो. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, पंचांग, आणि मग एखादी मुलगी पुढे येऊन एका दमात वाचायची. आज कोण जन्मलं, कोण वारलं, काय घडलं. वाचून झालं की रांगेत वर्गात. आता तोच मजकूर सकाळी मोबाइलवर येतो. साहित्यप्रकार म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही. पण बऱ्याच माणसांचा इतिहासाशी रोजचा संबंध येतो तो एवढाच, म्हणून त्याची समीक्षा करायला हवी असं आम्हाला वाटतं.

एकच पान घेऊ, १४ ऑक्टोबरचं. आपल्या नागपूरचं हे सर्वांत मोठं पान. पण जगाचा दिनविशेष चाळला तर त्याच तारखेला जर्मनीची दोन नावं भेटतात. १९०६ साली हाना आरेंट या विचारवंत बाईंचा जन्म. १९४४ साली सेनापती रोमेल यांचं निधन.

आता हा ‘निधन’ शब्द बघा. हिटलरला मारण्याचा कट २० जुलै १९४४ रोजी फसला. त्यात रोमेलचं नाव आलं. विष घ्या, नाहीतर खटल्याला उभे राहा, असं त्याला घरी येऊन सांगण्यात आलं. त्यानं विष घेतलं. सरकारनं मात्र जखमांमुळे मृत्यू झाल्याचं जाहीर केलं आणि इतमामानं अंत्यसंस्कार केले. म्हणजे आपण सभ्यपणे ‘निधन’ लिहितो, तेव्हा ती जुनी सरकारी थाप नकळत पुढे चालवतो.

आरेंटबाईंचंही तसंच. त्यांच्यापुढे ‘जर्मन-अमेरिकन’ असं छापतात. त्या ज्यू होत्या. १९३३ साली त्यांना जर्मनी सोडावी लागली, १९३७ साली नागरिकत्व गेलं, अमेरिकेचं मिळालं ते १९५१ साली. मधली १४ वर्षं त्या कुठल्याच देशाच्या नव्हत्या. ती सगळी वर्षं दोन शब्दांमधल्या बारक्या रेघेत बसवून टाकली आहेत.

आणि मग आपली ओळ: १९५६, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे बौद्ध धम्म स्वीकारला. ओळ खरी आहे, पण अपुरी आहे. लाखो माणसांनी त्यांच्यासोबत दीक्षा घेतली, ती माणसं ओळीत नाहीत. तो दिवस दसऱ्याचा होता, तेही नाही. म्हणून तर नागपूरची दीक्षाभूमी दसऱ्याला भरते. चंद्रपूरला मात्र १५ आणि १६ ऑक्टोबर या तारखा पाळतात, कारण बाबासाहेब तिथे १६ तारखेला होते. एकाच घटनेची आठवण एका गावात तिथीनं चालते, दुसऱ्या गावात तारखेनं. दिनविशेषाला फक्त तारीख कळते.

याहून मोठी अडचण पुढे आहे. येवल्याची घोषणा, हिंदू म्हणून मरणार नाही ही, १३ ऑक्टोबर १९३५ ची. दिनविशेषात ती आदल्या पानावर सापडते. वाचणाऱ्याला वाटावं, काल बोलले आणि आज केलं! मध्ये २१ वर्षांचा विचार आहे, तो दिसत नाही. आणि दीक्षेनंतर ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. ते पान कितीतरी पुढे. जे जोडून वाचायचं ते कॅलेंडर तोडतं, आणि ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही ते रोमेल आणि दीक्षाभूमी शेजारी बसतात.

मग हा प्रकार टाकाऊच का? नाही. जर्मनीचाच ९ नोव्हेंबर घ्या. १९१८ साली त्या दिवशी प्रजासत्ताक जाहीर झालं. १९२३ साली म्युनिकमध्ये हिटलरचा उठाव फसला. १९३८ साली ज्यूंची घरं, दुकानं, प्रार्थनास्थळं फोडली, जाळली. १९८९ साली बर्लिनची भिंत उघडली. एकीकरणानंतर राष्ट्रीय दिवस म्हणून ३ ऑक्टोबर ठरला, कारण १९९० साली त्या दिवशी एकीकरण झालं. ९ नोव्हेंबरला नुसता गुलाल उधळता येत नाही. १९८९ चा आनंद सांगताना १९३८ मध्ये येऊन उभं राहतं. इथे तारीख वाचणाऱ्याला अडवते. चांगल्या दिनविशेषाचं काम हेच, असं आमचं म्हणणं आहे.

आपल्याकडे अशी तारीख नाही का? २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यांत बाया आणि लेकरं पुष्कळ. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव दिलं आहे. आपण रोज त्यावरून गाड्या नेतो. दिनविशेषात आली तर एक ओळ येते, आकड्यासकट. मागणी काय होती, ते नसतं. अनुसूचित जमातीत समावेशाची ती मागणी पुढे कोर्टात गेली. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं बाजूनं निकाल दिला, २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. घटना त्या तारखेला संपलीच नव्हती.

शेवटचं एक. या सभागृहात किती जणांची जन्मतारीख १ जून आहे? हात वर करा बघू. हसताय, म्हणजे कळलं. शाळेत नाव घालताना घरी तारीख माहीत नव्हती, मास्तरांनी १ जून लिहून टाकली. आपल्या मागच्या पिढीत अशी माणसं घरोघर आहेत. ज्यांच्या जन्माचीच नोंद नाही, त्यांच्यासाठी जन्म-मृत्यूच्या यादीत जागा कुठून येणार? तिथे नावं येतात ती ज्यांच्या घरी कुणी लिहून ठेवलं त्यांची.

म्हणून आमची सूचना साधी आहे. परिपाठात पाच ओळी वाचण्यापेक्षा एकच वाचा, आणि वाचणाऱ्या मुलीला दोन प्रश्न विचारा: याच्या आधी काय झालं होतं? आणि तिथे आणखी कोण होतं? तिला लगेच सांगता आलं नाही तर उद्या सांगू दे. दिनविशेष एक दिवस उशिरा आला तरी चालेल.