गोंगाटातले व्हायोलिन

मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मला हमखास ध्वनियंत्रणेच्या टेबलामागे बसवतात. कारण एकच, ‘तुम्ही त्यातले डॉक्टर ना!’ माझी डॉक्टरेट आवाजातला गोंगाट गाळून काढण्याच्या गणितावर आहे आणि पोटापाण्याचा उद्योग संगणकप्रणाली लिहिण्याचा. माइकची शिट्टी थांबवायला यातले काहीच उपयोगी पडत नाही, पण ते असो. आज एक कबुली द्यायची आहे. तुमच्या भावगीतांचा आवाज कमी-जास्त करणारा हा गृहस्थ घरी जाताना गाडीत डेथ मेटल ऐकतो.

नाव ऐकूनच दचकायला होते. हा प्रकार १९८० च्या दशकात अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात, नावारूपाला आला. विजेच्या वेगाचे ड्रम, खालच्या पट्टीत लावलेल्या गिटारी आणि घशातून काढलेली गुरगुर ही त्याची ओळख. पुढे काही मंडळींनी त्यात लांबलचक, वळणावळणाच्या रचना आणल्या. आपल्या मुंबईतही ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा चमू २००० साली उभा राहिला आणि २०१७ मध्ये त्याने चक्क दशावतारांवर एक आल्बम काढला. तेव्हा हे खूळ माझ्या एकट्याचे नाही.

मला आवडतो तो आल्बम मात्र आपल्या मेलबर्नचा. ‘नी ऑब्लिव्हिस्कॅरिस’ या चमूची स्थापना इथे २००३ साली झाली. नाव लॅटिन आहे, अर्थ ‘विसरू नकोस’. मे २०१२ मध्ये त्यांचा पहिला पूर्ण आल्बम ‘पोर्टल ऑफ आय’ आला. गाणी सात आणि वेळ सुमारे ७१ मिनिटे. झेनॉयर गुरगुरतो, टिम चार्ल्स स्वच्छ आवाजात गातो आणि व्हायोलिन वाजवतो. मुख्य गिटार फ्रान्सहून इथे आलेल्या बेंजामिन बॅरेची. ध्वनिमिश्रण स्वीडनच्या येन्स बोग्रेनने केले. एका आल्बममागे किती देश असतात पाहा.

व्हायोलिन हे या आल्बमचे मर्म आहे. मेटलमध्ये व्हायोलिन पूर्वीही आले होते, पण बहुधा लग्नाच्या पंगतीतल्या उदबत्तीसारखे, वातावरणापुरते. इथे ते गिटारीच्या बरोबरीने मांडी ठोकून बसते. ‘अँड प्लेग फ्लॉवर्स द कॅलिडोस्कोप’ या जवळजवळ बारा मिनिटांच्या गाण्यात त्याला साध्या गिटारीची स्पॅनिश वळणाची साथ आहे. मग ड्रम कोसळतात. आता हे बिचारे बुडणार असे वाटते. ते बुडत नाही.

का बुडत नाही, हे माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. अशी गुरगुर काढताना स्वरतंतूंच्या वरच्या जाड घड्याही अनियमित थरथरतात, त्यामुळे त्या आवाजाला ठाम स्वर उरत नाही. तो गोंगाटाच्या जवळ जातो. व्हायोलिन नेमके उलट, स्वरच स्वर. दोघे एकमेकांची जागा अडवत नाहीत. एकाचे खरखरीत जमिनीसारखे असणे दुसऱ्याला उभे राहायला उपयोगी पडते.

हे मला गणिताने नव्हे, बाबांनी शिकवले. मागच्या हिवाळ्यात ते पुण्याहून आले होते. प्रभाकर जोगांच्या ‘गाणाऱ्या व्हायोलिन’वर आयुष्यभर प्रेम केलेला हा माणूस गेली चार वर्षे काहीच ऐकत नव्हता. कानात यंत्र आहे. बोलणे कळते, संगीत मात्र विचित्र होते. मी तपासले तेव्हा लाज वाटली. व्हायोलिनचा लांबलेला स्वर त्या यंत्राला शिट्टी वाटत होता आणि ते तो इमानेइतबारे दाबत होते. म्हणजे मी ज्या विद्येवर पदवी मिळवली, त्याच विद्येने बाबांचे व्हायोलिन पुसले होते. यंत्रात संगीतासाठी वेगळी मांडणी असते. ती करून घेतली.

जोग ऐकून झाले. डोळे पुसून झाले. मग मी धीर करून हे गाणे लावले. बाबांनी संपूर्ण ऐकले आणि म्हणाले, ‘अरे, हे व्हायोलिन रडत नाही, भांडतंय. पण तो रेड्यासारखा ओरडणारा काढता येईल का?’

काढता येतो. हल्ली संगणक गाण्यातून गाणारे आवाज वेगळे करतो. मी रात्री बसून ते केले. सकाळी बाबांनी ऐकले, चहा संपवला आणि म्हणाले, ‘बाबा रे, आता हे हॉटेलातलं वाटतंय. भांडायला समोर कोणी नाही. त्याला परत घाल.’

यापेक्षा चांगली समीक्षा मी कुठे वाचलेली नाही.

आमच्यापैकी काहीजण अशा लांब रचना ऐकल्या की लगेच ‘हा तर आपला ख्यालच’ म्हणतात. मला ते पटत नाही. ख्यालात गायक त्या क्षणी घडवत असतो आणि तालाचे आवर्तन पुन्हा पुन्हा समेवर येते. इथे बहुतेक सारे आधी बांधलेले आहे, आणि सम शोधत बसलात तर फसाल. मात्र धीराने ऐकण्याची सवय आपल्याकडे आहे, ती कामाला येते. ‘फर्गेट नॉट’ची संथ सुरुवात ज्याने विलंबित पचवले आहे त्याला जड जाणार नाही.

दोषही आहेत. ७१ मिनिटे फार झाली. ड्रम पुष्कळदा एकाच दमात धावतात, त्यामुळे वेगाचे नावीन्य ओसरते. गीतांची भाषा इतकी अलंकारिक की अर्थ हाती लागत नाही. २०१४ चा ‘सिटाडेल’ बराच आटोपशीर आहे. तरी पहिल्या आल्बमातली ओसंडून जाणारी हौस त्यात नाही, आणि मला ती हौसच प्रिय आहे.

शेवटच्या गाण्याचे नाव ‘ऑफ पेट्रिकोर वीव्ह्ज ब्लॅक नॉइज’. ‘पेट्रिकोर’ म्हणजे कोरड्या जमिनीवर पाऊस पडताच येणारा वास. हा इंग्रजी शब्द १९६४ साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी घडवला, आणि त्यांच्या लेखात कनौजच्या मातीच्या अत्तराचाही उल्लेख आहे. विंदा करंदीकरांचा ‘मृद्गंध’ त्याआधी दहा वर्षे, १९५४ साली, आला होता. आपल्याकडे शब्द तयार होता. फक्त त्या वासाशेजारी गोंगाटाला बसवण्याचे धाडस या मेलबर्नच्या पोरांनी केले.

बाबा परतले. परवा फोनवर विचारत होते, ‘त्या भांडखोराचं दुसरं काही आहे का?’ ‘सिटाडेल’ पाठवला आहे. या दिवाळीत टेबलामागे मीच असणार. मध्यंतरात बारा मिनिटे मिळाली, तर कार्यकारिणीने माझ्यावर फार रागावू नये.