पास-नापासचा यांत्रिक निवाडा

आपल्यापैकी अनेकांच्या कचेरीतला लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या 'इंट्यून'च्या देखरेखीखाली असतो. नियम न पाळणाऱ्या यंत्राला ईमेल आणि फायलींपासून दूर ठेवायचे, ही कल्पना मला मान्यच आहे. हे काम सांभाळणे हीच माझी नोकरी. माझा आक्षेप आहे तो 'कम्प्लायंट' या शब्दावर.

ज्या यंत्राला एकही नियम लावलेला नाही, ते मूळ मांडणीत चक्क 'कम्प्लायंट' ठरते. परीक्षेला न बसलेला विद्यार्थी पास! उलट बिटलॉकर चालू करूनही लॅपटॉप नापास दिसतो, कारण ती तपासणी यंत्र सुरू होतानाच्या नोंदीवर चालते. रीस्टार्ट केल्याशिवाय सुटका नाही.

आणि पाच आठवडे पुण्याला जाऊन आलेला माणूस? त्याच्या बंद लॅपटॉपने ३० दिवस हजेरी लावली नाही, म्हणून तोही नापास. (ही मुदत १२० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती सेटिंग उघडून पाहतो कोण?) पडद्यावर 'इथून तिथे जाता येणार नाही' अशा अर्थाचे वाक्य झळकते. व्हिसावर असलेल्या माणसाच्या पोटात गोळाच येतो. वास्तविक इंटरनेट जोडून 'कंपनी पोर्टल'मधून पुन्हा तपासणी केली की बहुधा काम होते. तेवढे एक वाक्य तिथेच ठळक अक्षरांत लिहायला काय हरकत होती?