भोगवटा, स्वामित्व आणि घरातील श्रम

अराज्यवाद म्हणजे सर्व प्रकारच्या मालमत्तेचा नकार, असा समज रूढ आहे. तो अपुरा आहे. या विचारसरणीत मालमत्तेविषयी एक मत नसून अनेक मते आहेत. त्यांतील भेद ध्यानात घेतल्याखेरीज त्यांचे मूल्यमापन करता येणार नाही.

प्रूदाँ (१८०९–१८६५) याने १८४० साली ‘मालमत्ता म्हणजे काय?’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून मालमत्तेला चौर्याच्या पंक्तीस बसविले. तथापि त्याचा रोख भोगवट्यावर नव्हता. कसणाऱ्याकडे जमीन व कारागिराकडे हत्यारे असणे त्यास मान्य होते. स्वतः न राबता खंड, भाडे व व्याज घेण्याचा हक्क तेवढा अमान्य होता. बकुनिनच्या पंथाने उत्पादनाची साधने सामूहिक मानली, परंतु मोबदला श्रमानुसारच ठेवला. क्रोपोटकिन याने १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भाकरीवर विजय’ या ग्रंथात ही कसोटीही नाकारली. प्रत्येक वस्तूत पिढ्यान्‌पिढ्यांचे श्रम मिसळलेले असल्याने कोणाचा वाटा किती हे मोजता येत नाही, सबब वाटप गरजेनुसार व्हावे, असे त्याचे प्रतिपादन आहे.

जो राबतो त्याचा भोगवटा, ही प्रूदाँची कसोटी प्रथमदर्शनी न्याय्य वाटते. पण राबणारा कोणास म्हणावे? प्रूदाँने स्त्रीचे स्थान घरात आणि तेही पतीच्या अधिकाराखाली ठरविले होते. जोझेफ देजाक या फ्रेंच कामगाराने १८५७ साली न्यू ऑर्लिन्सहून त्यास लिहिलेल्या पत्रात या विसंगतीवर कठोर टीका केली. श्रमाच्या फळावर नव्हे, तर गरजा भागविल्या जाण्यावर माणसाचा हक्क आहे, हा विचारही देजाकने मांडला आहे.

हे दोन मुद्दे एकत्र यावेत, हा आम्हांस योगायोग वाटत नाही. चूल, धुणी-भांडी व बालसंगोपन यांची गणना श्रमात होत नसेल, तर श्रमावर उभारलेला हक्क पुरुषापाशीच थांबतो. क्रोपोटकिनने घरकामाचा प्रश्न विचारात घेतला, हे त्याचे श्रेय होय. मात्र त्याचा भर यंत्रांवर व सामूहिक सेवांवर आहे. ते काम पुरुषाने वाटून घ्यावे काय, हा प्रश्न त्याने ऐरणीवर आणला नाही.

म्हणून मालमत्तेविषयीचा कोणताही सिद्धान्त तपासताना तो जमीनदार व कारखानदार यांच्याविषयी काय म्हणतो, एवढे पाहणे पुरेसे नाही. तो कोणाचे श्रम हिशेबात धरतो आणि कोणाचे गृहीत धरतो, हेही पाहावे, असे आमचे नम्र मत आहे.